काटेमास्तरांच्या हाताची फेरतपासणी

काटेमास्तरांनी आयुष्यात एकाही पोराला पाढे शिकवले नाहीत. मास्तर ही पदवी त्यांना काट्यांच्या कारखान्यात मिळाली. दुकानातले तराजू, गोदामात जमिनीत बसवलेले मोठे काटे, औषधवाल्यांचे काचेच्या पेटीतले नाजूक काटे, जे जे म्हणून तोलतं ते एकोणतीस वर्षं त्यांनी खोललं, पुसलं आणि पुन्हा जागेवर आणलं. या कामात माणूस एक गोष्ट हमखास शिकतो, ती म्हणजे कुणावर विश्वास ठेवायचा नाही. पारड्याच्या बुडाला चिकटवलेलं मेण, वजनाच्या पोटातून कोरून काढलेलं शिसं, दांडीजवळ दडवलेला लोहचुंबक, मास्तरांनी सगळं पकडलं होतं. दुकानदार जितका गोड बोले, तितक्या लवकर मास्तर पारडं उलटं करून बघत. कुणी बसायला खुर्ची पुढे केली, तर मग संशय पक्काच.

ही सवय कामावर ठेवून घरी येत जा, असं बायको लग्न झाल्यापासून सांगत होती. ती असं का सांगते, याचाही मास्तरांना संशय होता.

मग त्यांच्या मानेतली एक नस दबली. वीस-वीस किलोची वजनं गाडीत चढवून आणि उतरवून दबली, असं इस्पितळातल्या डॉक्टरांनी लिहून दिलं. उजवा हात कोपरापासून खाली बधिर झाला. हात हलायचा, मूठ वळायची, पण मुठीत काय आहे याची हाताला खबरच नसायची. कप धरलाय असं समजून मास्तर चालू लागायचे आणि कप फुटल्याचा आवाज मागून यायचा. अशा हाताने काटा दुरुस्त होत नाही. कारखान्याने हार घालून घरी पाठवलं. पगारातून दर महिन्याला ज्या कामगार निधीसाठी कापून घेतलं जायचं, त्या निधीकडे मास्तरांनी अपंगत्वाच्या पेन्शनसाठी अर्ज केला. ती मिळाली तर घर चालणार होतं. नाही मिळाली, तर दोघांचा संसार बायकोच्या शिवणयंत्रावर येणार होता, आणि तिचे गुडघे आधीच कुरकुरत होते.

अर्ज फेटाळला गेला. अपील केलं, तेही फेटाळलं गेलं. दुसऱ्या पत्रात फक्त तारीख नवी होती. बाकी तेच वाक्य, तेवढंच कोरडं: ‘उपलब्ध माहितीनुसार अर्जदाराच्या उजव्या हाताची जाणीव शाबूत आहे.’

“उपलब्ध म्हणजे?” मास्तर म्हणाले. “आपोआप उपलब्ध होते का माहिती? कुणीतरी केली असणार.”

“माझ्याकडे काय बघताय?” बायको म्हणाली.

“बघत नाहीये. विचार करतोय.”

“मग भिंतीकडे बघून करा.”

मास्तरांनी डोळ्यांत तेल घालून शोध सुरू केला. पहिला संशयित समोरच्या घरातला निवृत्त पोस्टमन. हा माणूस दिवसभर खिडकीत बसून असे, आणि सरकारी पत्रं आयुष्यभर ज्याच्या हातून गेली त्याला एक पत्र लिहिणं काय अवघड? मास्तरांनी त्याच्याशी बोलणं बंद केलं. पोस्टमन बिचारा रोज हात करायचा. मास्तर आत येऊन म्हणायचे, “बघ, हात करतो. म्हणजे मी कोणता हात वर करतो ते त्याला बघायचंय.”

गॅलरीत जाताना उजवा हात खिशात ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं. कुणी फोटो काढलाच तर निकामी दिसावा. दोन दिवसांनी वेगळीच पाल चुकचुकली. हात आपला आपण खिशात घालता येतो, म्हणजे तो धडधाकट आहे असं कुणी म्हणालं तर? तेव्हापासून गॅलरीत जाणंच बंद झालं.

दुसरा संशयित सख्खा मेहुणा. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं आणि फोटो काढायची खोड होती. शिवाय तो न बोलावता मदतीला यायचा.

“दाजी, माझ्या ओळखीच्या एक वकीलबाई आहेत. पैसे कमी घेतात.”

“कमी का घेतात?”

“चांगल्या आहेत म्हणून.”

“असं कसं असेल?” मास्तर म्हणाले. “आणि गेल्या महिन्यात मी झाडांना पाणी घालतानाचा फोटो काढलास, तो कुठे पाठवलास?”

“दाजी, झारी रिकामी होती. तुम्ही उलटी धरली होती. ताईला हसू आलं म्हणून काढला.”

“म्हणजे पाठवलास.”

“ताईला पाठवला. ती आतल्या खोलीत होती.”

शेवटी बायकोनेच रिक्षा बोलावली आणि मास्तरांना वकीलबाईंसमोर नेऊन बसवलं. वकीलबाईंचं ऑफिस एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर होतं. त्यांनी खुर्ची पुढे केली. मास्तर उभेच राहिले.

“काका, एक गोष्ट आधीच सांगते,” वकीलबाई म्हणाल्या. “कोर्ट तुमचा हात बघणार नाही. तुमचा हात ज्यांनी बघितला, त्यांनी नीट बघितला का, एवढंच कोर्ट बघणार. नवीन कागद नाही, नवीन साक्षीदार नाही. निधीच्या फाईलमध्ये आहे तेवढ्यावरच.”

मास्तर पहिल्यांदाच खुर्चीत बसले. “म्हणजे काटा तपासणाऱ्याची तपासणी.”

“अगदी तसंच.”

“आमच्यातही असते ती. तपासनीसाची वजनं वर्षातून एकदा वरच्या ऑफिसात जाऊन यायची.” मग ते जरा पुढे झुकले. “त्या फाईलमध्ये माहिती देणाऱ्याचं नाव असेल का?”

महिन्याभराने फाईलची नक्कल आली. बासष्ट पानं. मास्तरांनी जेवणाचं टेबल रिकामं करून घेतलं, चष्मा पुसला आणि एकेक पान खिडकीकडे धरून वाचू लागले. पोस्टमनचं नाव नव्हतं. मेहुण्याचा फोटो नव्हता. जुन्या कारखान्यातून कुणी काही कळवलेलं नव्हतं. निधीच्या डॉक्टरांनी हात तपासला, त्याचा अहवाल सेहेचाळिसाव्या पानावर होता. त्यात खाली लिहिलं होतं: ‘उजव्या तळहातावर पितळेचे पाच ठोकळे एकेक करून ठेवले. अर्जदाराने पाचही वजनं ग्रॅममध्ये अचूक सांगितली.’

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“काय झालं?” मशीनवरून बायकोने विचारलं. “सापडला का तुमचा खबऱ्या?”

ती उठून आली आणि तिने ते पान वाचलं. मग त्यांच्याकडे बघितलं.

“तुम्ही सांगितलंत?”

“त्यांनी विचारलं.”

“हाताला कळत नाही ना तुमच्या?”

“हाताचा काय संबंध! डॉक्टर ठोकळा ठेवताना दिसत होते. दोनशेला त्यांचं मनगट एवढं वाकतं.” त्यांनी डाव्या हाताने वाकवून दाखवलं. “पाचशेला अंगठ्याचं नख पांढरं पडतं. लहान पोरालाही समजेल.”

“त्या दिवशी घरी आलात तेव्हा मी विचारलं, तपासणी कशी झाली. तुम्ही म्हणालात, छान झाली.” बायको खुर्चीत बसली. “तेव्हाच मला शंका यायला हवी होती.”

मास्तरांना ती तपासणी वाटलीच नव्हती. दोन जाणकार माणसं समोरासमोर बसलीत, एक ठोकळे ठेवतोय, दुसरा ओळखतोय, असा तो त्यांच्या लेखी खेळ होता. शेवटच्या ठोकळ्याला डॉक्टर “वा” म्हणाले होते. हात गेल्यापासून त्यांना कुणी वा म्हटलं नव्हतं.

“हे जसंच्या तसं कोर्टात सांगतो,” दुसऱ्या दिवशी ते वकीलबाईंना म्हणाले.

“नाही सांगायचं. ही गोष्ट फाईलमध्ये नाही. तुम्ही तोंड उघडायचं नाही, मी फाईलवरच बोलणार.” त्यांनी सेहेचाळिसाव्या पानावर बोट ठेवलं. “हा रकाना बघा. ‘तपासणीच्या वेळी डोळे बंद होते का?’ कोरा आहे. आणि इस्पितळाचा नसांचा अहवाल एकतिसाव्या पानावर आहे. त्यात लिहिलंय की या हातातून जाणीव जवळजवळ पोचतच नाही. निधीच्या दोन्ही निकालांत त्याबद्दल एक ओळ नाही.”

मास्तरांनी स्वतः वाचून खात्री करून घेतली. दोनदा.

सुनावणीच्या दिवशी कोर्टाच्या बाकावर बसल्या बसल्या मास्तरांचा संशय पुन्हा ताजातवाना झाला. निधीच्या वकिलांनी त्यांच्या वकीलबाईंकडे पेन मागितलं आणि त्यांनी हसून दिलं.

“पाणी मुरतंय,” मास्तर बायकोच्या कानाशी पुटपुटले.

“पेन दिलंय, किडनी नाही. गप्प बसा.”

निधीचे वकील उठले. आवाज मोठा, हातात ते मागून घेतलेलं पेन. “अर्जदाराने पाचपैकी पाच वजनं ग्रॅममध्ये अचूक ओळखली. हे तर निरोगी माणसालाही जमत नाही. असा हात हजारात एखाद्याचा असतो.”

मास्तरांची मान आपोआप होकारार्थी हलली. चेहऱ्यावर समाधान पसरलं. बायकोने त्यांच्या हाताला जोरात चिमटा काढला. दुर्दैवाने ती उजवीकडे बसली होती, आणि चिमटा कोपराच्या खाली लागला. मास्तर तसेच मान डोलवत राहिले. मग तिने त्यांच्या पायावर पाय दाबला.

न्यायाधीशबाई फाईल चाळत होत्या. “डोळे बंद होते, हे कुठे लिहिलंय?”

“लिहिलेलं नाही. पण पद्धत तशीच असते.”

“पद्धत असेल. रकाना कोरा आहे. आणि एकतिसाव्या पानाचं काय?”

“निधीने तो अहवाल विचारात घेतला असणार.”

“असणार, हे मी कशावरून म्हणू? तो पटला नसेल तर का नाही पटला, ते लिहायला हवं होतं. इथे तर उल्लेखच नाही.”

मास्तर बाकावर पुढे सरकले. ही बाई पारडं उलटं करून बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या माणसाबद्दल त्यांच्या मनात शंका आली नाही, आणि शंका का येत नाही म्हणून ते अस्वस्थ झाले.

तीन आठवड्यांनी निकाल आला. निधीचा निर्णय रद्द. पेन्शन द्या असं मात्र कोर्टाने म्हटलं नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरांकडून डोळे बांधून हात पुन्हा तपासा, इस्पितळाचा अहवाल वाचा आणि कारणं लिहून नव्याने ठरवा, असा तो हुकूम होता.

“म्हणजे जिंकलो की नाही?” मेहुण्याने विचारलं.

“पारडं नुसतं मोकळं केलंय,” मास्तर म्हणाले. “आता तोलायचंय.”

पेन्शन पुढे मिळाली, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण त्या तपासणीच्या दिवशी ती जाता जाता वाचली होती.

या वेळच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी मास्तरांच्या डोळ्यांवर जाड पट्टी बांधली. पट्टीच्या खालून दिसतंय का, हे मास्तरांनीच दोनदा तपासून घ्यायला लावलं. बायको दाराजवळ स्टुलावर बसली होती. डॉक्टरांनी आधी डावा हात घेतला. पाचपैकी पाच. मग त्या म्हणाल्या, “आता उजवा.”

स्टीलच्या ट्रेमधून ठोकळा उचलल्याचा आवाज झाला. आवाज तळाशी भरदार, वर किंचित घासल्यासारखा. पाचशे. मास्तरांच्या जिभेवर आकडा आला सुद्धा. बोलावं तर पेन्शन गेली. कळत नाही म्हणावं, तर कळलं तर होतं, आणि वजनाच्या बाबतीत खोटं त्यांनी दुसऱ्यालाही कधी बोलू दिलं नव्हतं.

“काका, सांगा,” डॉक्टर म्हणाल्या.

“आवाजावरून सांगू की हातावरून?”

दाराजवळ स्टूल कुरकुरलं.

“हातावरून.”

“मग ठेवा हातावर.”

“ठेवलाय, काका. मघाशीच.”

हात निकामी झालाय हे मास्तरांनी अर्जात लिहिलं होतं, अपिलात लिहिलं होतं, वकिलाकरवी कोर्टाला कळवलं होतं. तोंडाने कुणालाच सांगितलं नव्हतं, घरी सुद्धा नाही. घरी ते कप निसरडा होता म्हणायचे.

“हातावरून काही नाही,” ते म्हणाले. “हातावरून काहीच कळत नाही.”

पेन कागदावर चालल्याचा आवाज आला. बराच वेळ चालला.

“काय लिहिलंत ते वाचून दाखवा.”

डॉक्टरांनी वाचून दाखवलं. त्यात आवाजाचंही लिहिलं होतं, आणि ठोकळा ठेवल्याचं न कळल्याचंही. मग त्या म्हणाल्या, “काकू, तेवढा ठोकळा उचलता का? माझे हात गुंतलेत.”

स्टूल सरकलं. बायको जवळ आली आणि मास्तरांच्या पसरलेल्या तळहातावरून तिने तो उचलला.

“बराच जड आहे हो,” ती म्हणाली.

“पाचशे,” मास्तर म्हणाले.