लहानी रडते

दसरा झाला की मानोरा गावाच्या आसपासच्या बंजारा तांड्यांत भांड्यांचा आवाज वाढतो. कोणती कढई न्यायची आणि कोणती घरी ठेवायची यावरून नवरा-बायकोची दोन दिवस कटकट चालते. मग एका सकाळी ट्रक येतो आणि अर्धा तांडा ऊस तोडायला निघून जातो. मागे म्हातारी माणसं राहतात, शेळ्या राहतात आणि आता लेकरंही राहतात. माझ्या लहानपणी तिसरीपर्यंत मीसुद्धा ट्रकातच जायची. दसऱ्यापर्यंत जेवढं शिकायची तेवढं उन्हाळ्यापर्यंत साफ विसरायची, आणि तरी दर जूनला वरच्या वर्गात बसायची. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मी चौथीत गेले आणि माझी धाकटी बहीण पहिलीत आली, त्या वर्षी गुरुजी यादी घेऊन घरोघर फिरले. हंगामी वसतिगृह नावाचं काहीतरी सरकारनं काढलं होतं. नाव वसतिगृह, पण झोपायचं आपापल्या आजीकडेच. शाळेत सकाळ-संध्याकाळ जेवण, संध्याकाळी दिव्याखाली अभ्यास, आणि डोक्याचं तेल, साबण, फणी सरकारची. मायबाप परत येईपर्यंत लेकरू गावातच राहील, शाळा बुडणार नाही, एवढाच त्याचा हेतू. याडीनं, म्हणजे आमच्या आईनं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गुरुजी, पोरी रडल्या तं?"

"दोन दिवस रडतीन. मंग राहतीन."

याडीनं कागदावर अंगठा दिला. घरात धाकटीला सगळे लहानी म्हणायचे. ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान. ट्रक गेला तेव्हा ती आजीच्या लुगड्यात तोंड खुपसून रडली, आणि गुरुजी म्हणाले तस्संच झालं, दोनच दिवस रडली. तिसऱ्या दिवशी आमच्या लहानी बाईसाहेब वाटी घेऊन ओळीत पहिल्या. स्वयंपाक करणाऱ्या काकूंशी तिची गट्टी जमली. दुकानाच्या पाटीवरची, साबणाच्या कागदावरची, एसटीच्या कपाळावरची अक्षरं ती मोठ्यानं लावत सुटायची, अगदी वीट येईपर्यंत. "म-हा-गाव," असं काहीबाही वाचायची आणि वर तोंड करून मलाच विचारायची, "बरोबर ना?"

माझे मात्र हाल होत होते. मोठी म्हणून मला रडता येत नव्हतं, तर मी तुरीच्या वावरात जाऊन रडायची. तूर डोक्याइतकी वाढलेली असते, आत बसलं की कुणाला दिसत नाही. मला याडीच्या हाताचा वास आठवायचा. ती माझी वेणी इतकी घट्ट घालायची की भुवया वर ओढल्या जायच्या, आणि मी रोज त्यावरून भांडायची. आजीचे हात थरथरायचे, तिची वेणी दुपारपर्यंत सुटायची. मग ती सुटलेली वेणी घेऊन मी वर्गात बसायची आणि मला सगळ्या जगाचा राग यायचा.

रविवारी फोन असायचा. गुरुजींचा मोबाइल, आणि रेंज फक्त शाळेच्या पाण्याच्या टाकीवर. ज्यांचे मायबाप गेले होते ती सगळी लेकरं टाकीखाली रांगेत उभी राहायची. एकेक जण शिडी चढायचा, गुरुजी घड्याळाकडे बघत फोन कानाला लावून द्यायचे. पलीकडे मुकादमाचा फोन आणि त्याच्याभोवती आमच्यासारखीच मायबापांची रांग. आमच्या घरातून वर मी जायची. लहानीला शिडी चढू देत नव्हते.

संक्रांत होऊन गेली होती. त्या रविवारी याडीनं नेहमीसारखं विचारलं, "लहानी कशी हाय?"

खाली लहानी काकूंच्या पोरीबरोबर चिंचोके खेळत होती. मला ती दिसत होती. आणि मी म्हणाले, "लहानी रडते. जेवत नाही. तू ये."

मी हे का म्हणाले ते मला तेव्हाही माहीत होतं. मला रडू येतं असं मी सांगितलं असतं तर याडी म्हणाली असती, तू मोठी आहेस. लहानीसाठी ती येईल असं मला वाटलं. येईल, दोन दिवस राहील, माझी वेणी घालील आणि परत जाईल. एवढाच माझा हिशेब होता. दहा वर्षांच्या डोक्यात याच्यापुढचं काही येत नाही, असं मी आज स्वतःला सांगते. पण खोटं बोलण्याइतकं तर येत होतं ना.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी याडी आली. दोन रात्रींचा प्रवास, केसांत उसाची कुसळं अडकलेली. मी पळत गेले, पण ती मला ओलांडून लहानीकडे गेली. तिला पोटाशी घेतलं, बरगड्या चाचपल्या. लहानी चांगली गुटगुटीत झाली होती, तिथंच माझं खोटं उघडं पडायला हवं होतं. पण याडीला समोर बघताच लहानीनं जो गळा काढला, तो थांबेच ना. उचकी लागली, तापल्यासारखी झाली. तीन महिने जे आठवलं नव्हतं ते तिला एकदम आठवलं असेल. आजी म्हणाली, "पाह्य, कशी झाली पोट्टी." याडीनं तिला रात्रभर मांडीवरून खाली ठेवलं नाही.

सकाळी तिनं माझी वेणी घातली. घट्ट, भुवया वर ओढणारी. मी या वेळी भांडले नाही. मग ती म्हणाली, "तू शहाणी हायेस, तू राह्य. हिले मी नेतो."

तेव्हाही बोलता आलं असतं. दहाच्या एसटीत दोघी बसल्या. गुरुजी फटफटीवरून थांब्यापर्यंत आले आणि खिडकीतून एक कार्ड आत दिलं. हे दाखवलं की तिकडच्या शाळेत लेकराला बसू देतात, असं त्यांनी याडीला दोनदा सांगितलं. गाडी हलली तेव्हा लहानी त्याच कार्डावरची अक्षरं लावत होती. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

तिकडची शाळा उसाच्या फडापासून लांब होती. आणि फड दर आठवड्याला पुढे सरकतो. कार्ड याडीनं जपून ठेवलं, पण कुणाला दाखवलं नाही. पुढच्या दसऱ्याला गुरुजी यादी घेऊन पुन्हा आले तेव्हा याडी म्हणाली, "मोठी राहते. लहानीले राहवत नाही, थे रडते." त्याच्या पुढच्या दसऱ्यालाही तेच. माझं एक वाक्य आमच्या घरात असं पक्कं होऊन बसलं. दरवर्षी मी दाराच्या चौकटीला टेकून ते ऐकायची. दरवर्षी ठरवायची, आज सांगते, आणि माझ्याच्यानं होत नव्हतं. चौथ्या वर्षी गुरुजींनी लहानीचं नाव विचारलंच नाही.

मी शिकत गेले. आश्रमशाळा, मग मुलींचं सरकारी वसतिगृह, शिष्यवृत्ती, मग डी.एड. सरकारनं जे जे दिलं ते ते मी घेतलं, लाज बाळगली नाही. लहानीच्या हातात तेव्हा कोयता होता. सतरा संपायच्या आत तिचं लग्न झालं. याडी तीन वर्षांपूर्वी गेली. शेवटपर्यंत ती शेजारणींना कौतुकानं सांगायची की माझी मोठी खंबीर आहे, तिला कुणाची आठवण येत नाही. मला तिची इतकी आठवण येते की कधीकधी शाळेत एखाद्या पोरीची वेणी घालताना हात थांबतो. तिच्यासोबतचे माझे सगळे हिवाळे हुकले. लहानीला ते मिळाले. कोण सुखी झालं हे मला अजून ठरवता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझी बदली लहानीच्या सासरच्या तांड्यावर झाली. आता यादी घेऊन मी फिरते. यंदाच्या दसऱ्याला तिच्या दारात उभी राहिले. तिची पोरगी पहिलीत आहे. मी अर्ज काढला आणि तिथल्या तिथे, उभ्या उभ्या, ते सगळं तिला सांगून टाकलं. टाकी, फोन, मी काय म्हणाले ते.

लहानी कांदे निवडत होती. तिनं हात थांबवला नाही. एक सडका कांदा बाजूला टाकून म्हणाली, "मले आठोते. त्या दिवशी मी दोनदा खिचडी खाल्ली होती."

मग तिनं माझ्या हातातला पेन घेतला. सही करायला तिला वेळ लागला, तीन अक्षरं, एकेक वेगळं. मी काही बोलायच्या आत ती आत निघून गेली.

लहानी आणि तिचा नवरा ट्रकातून गेले, पोरगी राहिली. आजीकडे, लहानीच्या सासूकडे झोपते, शाळेत जेवते. पण ही तिच्या आईसारखी नाही, माझ्यावर गेली आहे. दीड महिना झाला तरी संध्याकाळचं ताट समोर आलं की डोळे भरतात, आणि मी पाहिलं की पुसते.

गेल्या रविवारी लहानीचा फोन आला. मागं ट्रॅक्टरचा आवाज होता.

"कशी हाय पोरगी?"

"बरी हाय. बाराखडी झाली तिची."

"थे नाही इचारलं. रडते का? खरं सांगजो."

पोरगी माझ्यासमोरच बसली होती, पाटी घेऊन. मला खोटं बोलायचं होतं. यावेळी चांगल्यासाठी.

"रडते," मी म्हणाले. "रोज."

पलीकडे ट्रॅक्टर बंद झाला. आता ती म्हणेल, उद्याच्या गाडीनं येतो, असं मी धरूनच चालले होते.

"रडू दे," लहानी म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "मी येत नाही. किती बी रडली तरी येत नाही. तू तिले तिथंच बसू दे."