बादलीच्या बुडातले टोमॅटो

धुतलेल्या चादरीवर दुसऱ्यांदा मातकट पाण्याचे ओघळ दिसले, तेव्हा मी ती चादर तशीच हातात घेऊन जिना चढले. ऑक्टोबरातला शनिवार होता. करंजाड्यातल्या या इमारतीत राहायला येऊन आम्हाला चारच महिने झाले होते. आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, कोण राहतं हे मला तोवर माहीत नव्हतं. भांडायचं ठरवूनच गेले होते.

दार साठीच्या एका बाईंनी उघडलं. अंगात गाऊन, खांद्यावर टॉवेल आणि दोन्ही हात कोपरापर्यंत मातीचे. मी चादर पुढे केली. त्यांनी ती उलगडून पाहिली आणि स्वतःकडे घेतली.

"ठेव. धुवून देते."

आवाजात राग नव्हता, ओशाळलेपणही नव्हतं. मला भांडायला काही सापडेना.

"पण पाणी येतं कुठून एवढं?"

"ये, बग."

हॉलमध्ये सोफा नव्हता. गॅलरीच्या दाराला लागून हॉस्पिटलची लोखंडी कॉट होती आणि तिच्यावर एक उंच, हाडापेराचे गृहस्थ उताणे पडले होते. नाकात नळी. डोळे उघडे. मी नमस्कार केला, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. ते गॅलरीच्या छताकडे बघत होते. तिथे हुकांना रंगाच्या तीन रिकाम्या बादल्या टांगलेल्या होत्या आणि प्रत्येक बादलीच्या बुडाला पाडलेल्या भोकातून टोमॅटोचं एकेक रोप खाली डोकं करून लोंबत होतं. पाणी त्या भोकांतूनच ठिबकत होतं.

मालूकाकूंची आणि माझी ओळख अशी झाली.

काकू आणि महादेवकाका विमानतळाच्या जागेत गेलेल्या एका गावचे. भाताची जमीन होती, खाडीच्या अंगाला मिठागर होतं. भात कापून झालं की त्याच रानात वाल आणि टोमॅटो. गाव उठलं तेव्हा बदल्यात इथे भूखंड मिळाला, त्यावर बिल्डरने इमारत बांधली आणि तिसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट त्यांच्या वाट्याला आला. मुलगा हृतिक जासईला कंटेनर यार्डात सुपरवायझर. सून समीक्षा पनवेलमध्ये एका डॉक्टरांकडे रिसेप्शनला. आदल्या वर्षीच्या दिवाळीत दाढी करता करता काकांच्या हातातून रेझर पडला. तो उचलायला ते वाकले, ते तसेच आडवे झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली, मान उचलता येईना. डॉक्टर म्हणाले, यांना सगळं समजत असेलही, सांगता येत नाही.

"असेलही," काकू मला म्हणाल्या. "मंजे मला पन मायत नाय, डॉक्टरला पन मायत नाय."

त्या दिवसापासून काकूंचा दिवस ठरून गेला होता. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला पावडर, नळीतून पातळ केलेलं जेवण, डायपर, पुन्हा कूस. सगळं अगदी स्वच्छ. काकांच्या पाठीला वर्षभरात एक जखम झाली नव्हती. हे सगळं करताना काकूंचा चेहरा ओट्यावर भांडी लावणाऱ्या बाईसारखा असायचा. माया दिसायची नाही, कंटाळाही नाही.

टोमॅटो उलटे का लावले, हे त्यांनी मला दोन आठवड्यांनी सांगितलं. त्यांनी आधी साधी कुंडी टांगली होती, मनीप्लांटची. आठवडा गेला. मग एके दुपारी, काकांची कूस बदलून झाल्यावर, त्या स्वतः कॉटवर त्यांच्या शेजारी आडव्या झाल्या, त्यांच्या डोक्याला डोकं लावून.

"तर काय, बाय, कुंडीचं नुसतं बूड दिसतंय. काळं. पान एक दिसत नाय. आठ दिस मी त्यांना कुंडीचं बूड दाखवत होते."

समीक्षाने मोबाइलवर शोधून उलट्या टांगलेल्या टोमॅटोंचा व्हिडिओ दाखवला. काकूंनी तो एकदाच पाहिला. रंगाच्या बादल्या हृतिकने आणल्या. बुडाला तापवलेल्या उलथन्याने भोक पाडलं. रोपाची मुळं खालून आत घालायची, देठाभोवती स्पंजचा तुकडा गुंडाळायचा म्हणजे माती गळत नाही आणि रोप सटकत नाही. मग वरून कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा हलका भुसा, गांडूळखत, थोडी माती. नुसती माती भरली तर ओझ्याने हुक उपटेल. मी त्यांना झाडांच्या खाली फरशीवर ठेवायला पसरट ताटल्या आणून दिल्या, तेव्हा माझं धुणं सुटलं. पण तोवर मला शनिवारी वर जायची सवय लागली होती.

काका ते झाड बघतात का? मी विचारलं होतं.

"डोळे तिकडे असतात," काकू म्हणाल्या.

रोपं वाढली तशी त्यांची टोकं वळून पुन्हा वर, उजेडाकडे जाऊ लागली. शेंडा खाली येण्याऐवजी बादलीला वळसा घालून वर निघालं. मला मौज वाटली. काकूंनी मात्र टोकांना सुतळीने लहान लहान खडे बांधले आणि ती पुन्हा खाली आणली, काकांच्या नजरेत येतील अशी. नोव्हेंबरच्या अखेरीस पिवळी फुलं आली. तिसऱ्या मजल्यावर मधमाशी क्वचितच यायची, म्हणून त्या सकाळी प्रत्येक घोसाला बोटाने हलकी टिचकी मारायच्या.

"काकू, छान वाटत असेल ना, फुलं बघून?" मी एकदा म्हटलं. असले प्रश्न आपण का विचारतो कोण जाणे.

त्यांनी एका घोसाला टिचकी मारून त्याच्याकडे निरखून पाहिलं. खरंच वाटतंय का, हे तपासत असाव्यात.

"नाय गो. काय वाटत नाय मला आता. वाईट पन नाय वाटत. लावलंय तर बगायला पायजे, येवडंच."

डिसेंबरच्या मध्यावर एका शनिवारी सकाळी वरून मोठा आवाज झाला. आमच्या छताचा पंखा हलला. मी धावत गेले. मधल्या बादलीची कडी तुटली होती. गॅलरीत आणि अर्ध्या हॉलमध्ये माती, मोडलेलं झाड, हिरवे टोमॅटो घरंगळत कॉटखाली गेलेले. काकू त्या पसाऱ्यात उभ्या होत्या, पण तिकडे बघत नव्हत्या. त्या काकांकडे बघत होत्या.

"आवाज केला त्यांनी," त्या म्हणाल्या.

"कसला?"

"तोंडातून. 'आ' असा. मोठा. बादली पडली आनि ह्यांनी आवाज केला."

वर्षभरात काकांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता, हुंकारही नाही. दुपारी फिजिओथेरपिस्ट आले. दचकून निघाला असेल, ते म्हणाले, शरीर आपोआप करतं कधी कधी, फार आशा धरू नका. काकूंनी मान हलवली. माती भरली, तुटकं झाड खताच्या डब्यात टाकलं.

त्यानंतरच्या शनिवारी, अकराच्या सुमाराला, पुन्हा वरून धप्प आवाज आला. रविवारी सकाळी मी तो विषय काढला तर आमच्याकडे कामाला येणाऱ्या वेणूबाई म्हणाल्या, "ताई, हे तर रोजचंच झालंय."

अकराच्या जरा आधी मी वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. काकू कॉटच्या उशाकडे स्टुलावर उभ्या होत्या. हातात ती तुटक्या कडीची बादली, आत अर्धी भरलेली वाळू. त्यांनी मला पाहिलं, पण थांबल्या नाहीत. बादली डोक्याच्या उंचीवर नेली आणि खाली फरशीवर सोडली.

काकांच्या डाव्या डोळ्याची पापणी लवली. बस.

काकू खाली उतरल्या, वाळू सुपलीने भरू लागल्या. मी शेजारी बसून मूठमूठ वाळू भरू लागले.

"आवाज परत येतो का बगते," त्या म्हणाल्या.

"किती दिवस करताय?"

"आट."

"आला एकदा तरी?"

"नाय." मग बादलीत वाळू ओतत म्हणाल्या, "पयले दोन दिस छाती धडधडायची माजी, आता येल, आता येल म्हनून. आता नाय धडधडत. अकरा वाजले की आपटते, पावडर लावते तसं."

 मी त्यांचा हात धरावा असं मनात आलं, पण त्यांच्या हातात सुपली होती.

पुढच्याच आठवड्यात सोसायटीचे सेक्रेटरी गुरुदत्त यांनी ग्रुपवर मेसेज टाकला, की तिसऱ्या मजल्यावरून रोज आदळआपट होते, संबंधितांनी नोंद घ्यावी. समीक्षा वाचून चिडली. "मी लिहू का त्यांना, आई? घरात पेशंट आहे म्हणून?" काकू म्हणाल्या, "कशाला? खरंच हाय ते." दुसऱ्या दिवसापासून आवाज बंद झाला. मी त्या रविवारी अकरा वाजता उगाचच वर कान लावून बसले होते.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पहिले टोमॅटो पिकले. लहान, लिंबाएवढे. काही बुडाशी काळे पडले होते. काकूंनी एक चांगला निवडला, धुतला, कुस्करून कापडातून गाळला आणि रस वाटीत घेतला. तोंडाने काही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं होतं, म्हणून त्यांनी नुसतं बोट बुडवून काकांच्या ओठांवरून फिरवलं. आधी साधं. मग मिठाची कणी लावून.

"रानात उभे राऊन खायचे," त्या मला म्हणाल्या. "खिशात मिठाची पुडी असायची. घरी भाजी केली तर तोंड वाकडं. कच्चा पायजे."

काकांच्या जिभेचं टोक बाहेर आलं आणि ओठावरून एकदा फिरून आत गेलं. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनीही ते पाहिलं होतं.

"कळलं असेल त्यांना," मी म्हटलं.

"असेल," काकू म्हणाल्या, आणि वाटी विसळायला गेल्या.

काका गेले ते फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी आठच्या सुमाराला. हृतिक ड्यूटीवर होता, समीक्षा आंघोळीला गेली होती. काकू झाडांना पाणी घालत होत्या. पहिल्या बादलीचं झालं, वळून बघितलं तर काकांची छाती हलत नव्हती. जवळ जाऊन नाकाशी हात धरला. मग त्या परत गॅलरीत गेल्या, दुसऱ्या बादलीला पाणी घातलं, तांब्या जागेवर ठेवला आणि हृतिकला फोन लावला. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

"लोकांना सांगू नकोस. येडी म्हनतील. पन अर्धं तसंच ठेवून कसं यायचं?"

गावचे लोक जमले, जासईहून काकूंचे भाऊ दिनानाथ आले. बायकांनी हंबरडा फोडला. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे कोरडे. कोणीतरी म्हणालं, रडवा तिला, नाहीतर आत धरेल. एका म्हातारीने त्यांना गदागदा हलवलं. काकू हलल्या आणि पुन्हा टेकून बसल्या. समीक्षाच रडत होती, आणि लोक तिचीच समजूत घालत होते.

तेरा दिवस गॅलरीत कोणी गेलं नाही. समीक्षा दारातूनच तांब्याभर पाणी घालायची. टोमॅटो मात्र त्याच दिवसांत भराभर पिकले. काही गळून फरशीवर फुटले. भाड्याने आणलेली कॉट परत गेली आणि हॉल एकदम मोठा झाला. चौदाव्या दिवशी काकूंनी फरशी घासली, सगळे टोमॅटो तोडले, पिशव्यांत भरले आणि प्रत्येक मजल्यावर वाटले. गुरुदत्त यांच्याकडेही एक पिशवी गेली. माझ्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "घे. पिकलेत."

मी त्यांचं सार केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जिन्यात विचारलं, "कसे होते?"

"आंबट होते जरा."

"कोकोपीटचे ना. मातीतले गोड येतात." त्या पुढे निघून गेल्या.

मार्चमध्ये हृतिकला सुट्टी मिळेना, म्हणून मृत्यूच्या दाखल्यासाठी पनवेलला मी काकूंना घेऊन गेले. दाखल्यावर काकांच्या नावात चूक होती, 'महादेव'चं 'महादू' झालं होतं. खिडकीतल्या बाईंनी दुरुस्तीचा अर्ज दिला. काकूंनी तो माझ्याकडून भरून घेतला, सावकाश सही केली. बाईंनी आधार कार्ड बघून विचारलं, "घरी महादू म्हणायचे का त्यांना?"

"मी नाव घ्यायचे नाय," काकू म्हणाल्या.

बाहेर आलो तेव्हा दुपार झाली होती. रिक्षास्टँडच्या बाजूला एका हॉटेलातून मिसळीचा वास येत होता. काकू चालता चालता थांबल्या. मला वाटलं चक्कर आली. मी दंड धरला.

"भूक लागली गो," त्या म्हणाल्या. जरा नवल वाटल्यासारख्या.

आम्ही आत बसलो. काकूंनी मिसळ मागवली, वर कांदा जास्त घालायला लावला. खाली मान घालून, एकही शब्द न बोलता खाल्ली. नाकातून पाणी आलं, ते पदराने पुसलं, पुन्हा खाल्ली. पाव संपले तसे अजून दोन मागवले. मग माझ्या ताटलीकडे बघून म्हणाल्या, "तू टाकनार हायस का ते?"

मी ताटली त्यांच्याकडे सरकवली. ती संपवून त्यांनी वेटरला हाक मारली आणि समीक्षासाठी एक बांधून द्यायला सांगितली, रस्सा वेगळा, तिखट कमी.