जरा आत जाऊन येतो

मुकादमभाईंना टेबलाशी बसून जेवताना मी एकदाच पाहिलं, आणि तेही माझ्याच हट्टापायी. एरवी हॉटेल बहारीनमधल्या आमच्या गुदैबियातलं असो नाहीतर जपानमधलं, मंडळी खुर्च्या ओढून स्थिरस्थावर झाली की हे गृहस्थ म्हणायचे, "तुम्ही बसा निवांत. मी जरा आत जाऊन येतो." आत म्हणजे स्वयंपाकघरात. तिथे जाऊन ते पातेल्यांवरची झाकणं काढायला लावायचे, तेलाचे डबे हुंगायचे, आचाऱ्याला हातवारे करून भंडावून सोडायचे. दहा मिनिटांनी घाम पुसत बाहेर आले आणि त्यांनी मान हलवली की मग आम्ही घास उचलायचा. स्वतः नंतर कुठेतरी कोपऱ्यात, उभ्याउभ्या, हातात येईल ते चार घासांत उरकायचे.

ते मूळचे राजापूरकडचे, कोकणी मुसलमान. गुदैबियातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटं काढण्यात तीस वर्षं गेलेली, आणि वर्षातून एकदा मराठी मंडळींचा गट कुठेतरी हिंडवून आणायचा, हे जास्तीचं काम. बुटके, पोट जरा सुटलेलं, पाय कायम सुजलेले, म्हणून बारा महिने सँडल. चेहरा असा की आत्ताच कुणाला तरी विमानतळावर सोडून आलेत आणि लगेच दुसऱ्याला आणायला जायचंय. मी त्यांना कधी ताजंतवानं असं पाहिलंच नाही. पण तेव्हा मीही कुठे ताजी होते म्हणा!

बाबा गेल्यावर आईला मी पुण्याहून इकडे आणलं, त्याला दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत आई जेवलीच नाही म्हटलं तरी चालेल. अर्धी पोळी, चमचाभर वरण, "पुरे गं". सलमानिया हॉस्पिटलात नेऊन सगळ्या तपासण्या करून आणल्या. डॉक्टर म्हणाले, काही नाही, वय झालंय, मन रमवा. मन रमवा! मी सकाळी सातला ऑफिसला जाणार, ऑडिट संपवून संध्याकाळी सातला येणार, आणि सकाळचा डबा तसाच्या तसा ओट्यावर बघणार. एकदा मी तिच्यावर ओरडले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. आई दिवसभर एकच गोष्ट बघायची, मोबाइलवर एक जपानी बाई न बोलता मुळे चिरते, भात लावते, असले व्हिडिओ. म्हणून मुकादमभाईंच्या एजन्सीच्या काचेवर "खाऊ-पिऊ जपान, आठ दिवस" असा कागद दिसला, तेव्हा मी आत शिरले.

"आई काय खात नाहीत?" हा त्यांचा पहिला प्रश्न. नाव नंतर विचारलं.

मी म्हटलं, "अहो, काय खाते ते विचारा. काहीच खात नाही."

"तसं नाय ताई. माणूस काय खातो यावरून काय कळत नाय. आज खाईल, उद्या सोडेल. काय खात नाय ते सांगा, मग माणूस कळतो."

मी सांगितलं. मांस, मच्छी, अंडं नाही. कांदा-लसूण चातुर्मासात नाही. त्यांनी एक अक्षर लिहून घेतलं नाही. पण निघायच्या दिवशी विमानतळावर बाराही जणांची हजेरी त्यांनी अशीच घेतली, अरबी 'मफी' म्हणजे 'नाही' लावून. "वृंदाताईंच्या आई, मफी मच्छी, मफी अंडं. सबनीससाहेब, सगळं चालतं, गुरुवारी मफी." बँकेतले सबनीस गंभीरपणे पुढे झाले आणि म्हणाले, "मुकादम, तिथे घड्याळ सहा तास पुढे. मग माझा गुरुवार बहारीनचा धरायचा की जपानचा?" बायको म्हणाली, "आता गप्प बसा." पण मुकादमभाई हसले नाहीत. त्यांनी खरोखर विचार केला. "साहेब, पाय जिथे असतील तिथला वार धरू." सबनीसांचं समाधान झालं. अशा शंका त्यांना कधी फालतू वाटायच्याच नाहीत. मला मात्र वाटायच्या, खरं सांगायचं तर.

जपानात खाणं म्हणजे त्यांच्यासारख्या माणसाची कसोटीच. तिथे साध्या कढणातही मासळीचं पाणी असतं. वर तरंगत काही नाही, वास नाही, भाजी दिसते, आणि खाली सगळं मासळीच्याच जिवावर. मुकादमभाई म्हणून आदल्या दिवशी फोन करायला लावायचे, की आमच्यातल्या चौघांसाठी समुद्री शेवाळाचं वेगळं पाणी काढा. तरीही ऐन वेळी आत जाऊन ते पातेलं डोळ्यांनी बघायचेच. आमची जपानी गाइड हारुको, चुणचुणीत पोरगी, ती सुद्धा वैतागली. "मी सांगितलंय ना त्यांना," म्हणाली इंग्रजीत. मुकादमभाई हिंदी-इंग्रजीत म्हणाले, "यू टोल्ड. आय सी. दोनो चाहिये."

चार दिवस असे गेले. आई खायची, पण चिमणीसारखी. मुकादमभाईंचे पाय इतके सुजले की सँडलचा पट्टा लागेना. पाचव्या दिवशी आम्ही ताकामात्सु नावाच्या गावी गेलो. तिथल्या एका म्हाताऱ्या आचाऱ्याकडे उदोन, म्हणजे आपल्या जाड शेवयांसारखा प्रकार, स्वतः करून खायचा होता. कणीक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्याने खाली ठेवली, वर कापड अंथरलं आणि आम्हाला खुणेने सांगितलं, चढा, पायांनी तुडवा. गाणंही लावलं. सगळे हसत हसत नाचायला लागले. आई मात्र दोन पावलं मागे सरली.

"अन्नाला पाय लावायचा? मी नाही बाई लावणार."

आचारी गोंधळला. हारुको समजावायला लागली, की हाताने तेवढा जोर येत नाही. मुकादमभाई मध्ये पडले. "त्यांना हाताने करू दे. साठ वर्षं पोळ्या केल्यात त्यांनी, जोराचं त्यांना नको सांगू."

आईने बांगड्या मागे सारल्या, पदर खोचला आणि ती कणीक घेतली. काय मळली तिने! तळहाताच्या बुडाने रेटून, दुमडून, पुन्हा रेटून. म्हातारा गुडघ्यांवर हात ठेवून बघत राहिला. शेवटी त्याने त्या गोळ्यात बोट रुतवून पाहिलं आणि आईला कमरेतून वाकून नमस्कार केला. आई लाजली. अहो, माझी आई लाजली! दोन वर्षांत तिच्या चेहऱ्यावर मी असं काही पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात मुकादमभाई भिंतीला धरून उठायला लागले. "तुम्ही बसा, मी जरा आत…" मी त्यांचा दंडच धरला. म्हटलं, "भाई, पुरे आता. पाय बघा तुमचे. काल फोन झालाय, काय नको ते जपानीत लिहिलेलं तुमचं कार्ड दिलंय, आज आमच्याबरोबर बसा. एक दिवस आत गेलं नाही तर आभाळ नाही कोसळत." त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं, मग पायांकडे पाहिलं, आणि बसले. हात धुऊन येईपर्यंत सगळ्यांच्या पुढे वाडगे आले होते. आईने स्वतः मळलेल्या शेवया त्या गरम रश्शासकट संपवल्या आणि चक्क रिकामा वाडगा पुढे केला. "अजून थोडं मिळेल का गं?"

मला हुंदकाच आला. मी मुकादमभाईंना दाखवायला वळले. त्यांनी नुकताच पहिला घोट घेतला होता. वाडगा तोंडाशी तसाच थांबला होता आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. खाडीकाठी सुक्या मासळीवर वाढलेला माणूस तो, त्याला कोण फसवणार! ते उठले, आईच्या हातातला वाडगा "आणतो हां" म्हणून काढून घेतला आणि आत गेले. मी मागोमाग गेले.

आत चुलीशेजारी गाळणीत बोटाएवढी सुकी मासळी निथळत होती. पातेलं एकच होतं. हारुकोने म्हाताऱ्याला विचारलं, तेव्हा तो अभिमानाने म्हणाला, मासे नको म्हणून कार्डावर होतं ना, मी एकूणएक काढून टाकलेत. फोन त्याच्या सुनेने घेतला होता, ती त्या दिवशी कामावर आली नव्हती. खलास.

मी दार लोटून घेतलं. "भाई, दुसरा वाडगा देऊ नका. संपलं म्हणून सांगा. पण पहिल्याचं बोलू नका."

त्यांनी आईचा वाडगा ओट्यावर ठेवला.

"दोन वर्षांनी तिने मागून घेतलंय. तुम्ही सांगितलंत तर ती परत जेवायची नाही. मला नाही आता होत हे. हात जोडते."

"तुम्ही दमलाय, ताई," ते म्हणाले. "मी पण दमलोय. दमलो म्हणून तर आज आत आलो नाय. आता दमलेल्या माणसांनी मिळून आणखी एक ठरवायचं?" मग म्हणाले, "त्यांनी मला विश्वासाने सांगितलंय. खातील, न खातील, त्यांचं त्या बघतील. मी कसं ठरवू?"

बाहेर येऊन ते आईसमोर त्या सुजलेल्या पायांवर जमिनीवर बसले. कशीतरी मांडी घातली. "आई, माझी चूक झाली. त्या रश्शात मासळीचं पाणी होतं. मी आत जाऊन बघायला पायजे होतं, गेलो नाय. तुमची माफी मागतो."

मी त्यांना हट्टाने बसवलं, हे ते बोलले नाहीत. आईने हात मांडीवर ठेवले. तिने त्या कणकेच्या पाटाकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "वृंदे, यांनी सांगायच्या आधी तुला माहीत होतं?"

"नाही," मी म्हटलं. फाडकन निघून गेलं तोंडातून.

मुकादमभाई खाली बघत राहिले.

आई त्या दिवशी पुढे काही जेवली नाही. रडली नाही, चिडली नाही, फक्त पाणी प्यायली. मी मात्र मुकादमभाईंना बसमध्ये गाठून म्हणाले, "झालं समाधान? आता तुम्हीच जेवायला घाला तिला." त्यांच्या वयाच्या माणसाला असं बोलायला नको होतं. ते "हो" म्हणाले.

आणि खरंच घातलं हो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानातून नवंकोरं पातेलं घेऊन आले. आम्ही उतरलो होतो तिथलं छोटं स्वयंपाकघर मालकिणीकडून मागून घेतलं. आईसाठी शेगडीजवळ स्टूल मांडलं. "आई, तुम्ही इथे बसून बघा. माझ्या हातचं चालत नसेल तर तसं सांगा, सबनीसबाईंना बोलावतो." आई म्हणाली, "न चालायला काय झालं? करा." त्यांनी तांदूळ तीन पाण्यांत धुतले, तिला पाणी दाखवलं, मीठ दाखवलं, गुरगुट्या मऊभात शिजवला. वर आईच्याच डब्यातलं मेतकूट. आई एक घास खाऊन म्हणाली, "मीठ कमी आहे." "घाला," ते म्हणाले. तिने घातलं, आणि ती जेवली. पोटभर नाही म्हणणार मी, पण जेवली. पुढचे दिवस रोज असंच चाललं. ती दोघं शेगडीपाशी, आणि मी दारात उपऱ्यासारखी.

परत आल्यावर आईचं खाणं हळूहळू वाढलं. का वाढलं, मला सांगता यायचं नाही. मुकादमभाईंचे पाय मात्र उतरले नाहीत. सलमानियात निघालं, दोन्ही मूत्रपिंडं थकलीत. एजन्सीने व्हिसा पुढे वाढवला नाही. गावी जायच्या आधी ते आमच्या घरी आले. आईने शिरा केला, त्यांनी साखर चालत नसताना दोन चमचे खाल्ला. मला वाटलं, आता तरी म्हणावं, भाई, माझं चुकलं. लिफ्टपर्यंत गेले. म्हटलं काय, तर "तब्येत सांभाळा." ते म्हणाले, "इंशाल्ला. तुम्ही पण जरा झोपत जा, ताई."

सात महिन्यांनी सबनीसांचा मेसेज आला, मुकादम गेले. मी ऑफिसमधून तशीच घरी आले. आई मटार सोलत बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. मीच त्यांना बसवलं, मीच सांगू नका म्हणाले, आणि तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले.

आईचे हात थांबले नाहीत. "माहीत आहे," ती म्हणाली. "मी तुला विचारलं तेव्हा ते खाली बघायला लागले. तू खरं बोलत असतीस तर त्यांनी तुझ्याकडे बघितलं असतं."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यांनी झाकलं तुझं. मी कशाला उघडू?" शेंगांचं ताट तिने बाजूला केलं. "त्यांच्या घरी फोन लाव. मला बोलायचंय बायकोशी."

मी लावला. पलीकडे बरीच माणसं बोलत असल्याचा आवाज होता. आईने फोन दोन्ही हातांनी धरला. "मी बहारीनहून वृंदाची आई बोलतेय. तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या यजमानांनी मला तीन दिवस भात करून घातलाय. माझ्याशी एकदाही खोटं वागले नाहीत, त्यांना सोपं असताना. एवढं तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं, म्हणून फोन केला."

पलीकडून बाई काही म्हणाल्या. आईने ऐकून घेतलं आणि फोन माझ्यापुढे धरला. "त्या विचारतायत, मुलीला काही सांगायचंय का म्हणून. घे, बोल."

मी फोन घेतला, आणि त्यांच्या बायकोला सांगितलं, त्या दिवशी चूक त्यांची नव्हती.