मशीनमध्ये राहिलेली चावी

३ मार्च. ताईच्या खात्यातून ९,४५० गेले, तेही तिच्या धाकट्या भावाच्या हातून.

भाऊ बावन्न वर्षांचा. दवाखान्यांची बिलं करणारा प्रोग्रॅम लिहायचा. ऑफिसातली पोरं त्याला काका म्हणत. त्या दिवशी त्याला फक्त कार्ड नाकारल्याचा संदेश नीट दिसतो का, हे पाहायचं होतं. चावी म्हणजे प्रोग्रॅमला कार्डाचे पैसे वळवणाऱ्या कंपनीशी जोडणारा गुप्त शब्द; खऱ्या चावीवर पैसे खरेच जातात, चाचणीच्या चावीवर खरं कार्ड चालत नाही, नकारच येतो. ताईची बिलं तोच भरायचा, म्हणून तिचं कार्ड खिशात होतं. रकमेच्या जागी डोक्यात घोळत असलेला आकडा टाकला: ताईच्या कानाच्या यंत्राचे उरलेले पैसे.

पडद्यावर आलं, "धन्यवाद, रक्कम मिळाली."

काकाने सेटिंगची फाइल उघडली. तिच्यात चाचणीचीच चावी होती, सकाळी त्यानेच घातलेली. मग त्याला आठवलं. गेल्या महिन्यात एका दवाखान्याचे पैसे अडकले होते, तेव्हा दोष शोधायला त्याने कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत कमांड देऊन खरी चावी स्वतःच्या मशीनच्या गुप्त साठ्यात ठेवली होती. फाइल काहीही म्हणो, शब्द त्या साठ्याचाच चालतो. त्याने साठ्याची यादी मागवली. खरी चावी तिथेच होती. काढून टाकली, चाचणीची घातली, पुन्हा यादी पाहिली. महिनाभर राहिलेलं काम दोन मिनिटांत आटोपलं.

ऑफिसातल्या मॅनेजरबाई म्हणाल्या, "पैसे परत पाठवते, काका. पण आठवडा तरी जाईल. आणि मधल्या कंपनीची फी कापूनच येतील हं."

त्याच्या स्वतःच्या खात्यात घराचा हप्ता गेल्यावर फारसं काही उरलं नव्हतं.

घरी तो मोठ्याने म्हणाला, "ताई, शुक्रवारी यंत्र आणता येणार नाही!"

"ओरडू नकोस. शेजाऱ्यांना यंत्र नकोय."

"माझ्या हातून तुझे पैसे गेले गं."

"जुगार खेळलास?"

"नाही, काम करत होतो."

"मग जुगार परवडला. निदान जिंकायची आशा तरी असते."

तो हसला नाही. शनिवारी शाळेत तिच्या नातीचं गाणं होतं. यंत्राची घाई त्यासाठीच होती.

"जाईन मी," ताई म्हणाली. "तोंड केवढं उघडते ते तरी दिसेल."

ती गेली. पहिल्या रांगेत बसली आणि सगळ्यांचे हात हलायला लागल्यावर तिनेही टाळ्या वाजवल्या.

पैसे पुढच्या आठवड्यात आले, फीचे २७४ कापून. २०० त्याने खिशातून घातले, ताईने बाकीचे घातले आणि यंत्र घरी आलं.

ताईचे ७४ अजून द्यायचे आहेत.