अक्कांचा गोल

तपासणीच्या खुर्चीत बसण्याआधी अक्का माझ्या टेबलाशी यायच्या. "ताई, मना गोल दखाड." धुळ्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी पिढीजात आजारांच्या वंशवेली काढते. बाईचा गोल, पुरुषाचा चौकोन. आजार असेल तर आत काळा रंग. नात्यात लग्न झालं असेल तर दुहेरी रेघ. शिंदखेड्याच्या अक्कांचा गोल काळा होता, मुलगा सुभाषचा चौकोनही. दोघांची बुबुळं वर्षागणिक धुरकट होत चालली होती.

कागद त्या नाकाशी धरून बघायच्या. एका डोळ्याचं बुबुळ बदललं, हातभरावरचं दिसू लागलं, तरी कागद नाकाशीच. आतेभावाला दिलेल्या होत्या, त्या दुहेरी रेघेवर बोट ठेवून म्हणायच्या, "आत्यानं घर म्हनीसन दिधी माले." तक्रार नसायची त्यात.

डॉक्टरांनी समजावलं होतं, की खोट आईबापांच्या दोघांकडून आली तरच आजार होतो. एकाकडूनच आली तर माणूस धडधाकट राहतो, पण ती पुढे देऊ शकतो. अक्कांच्या नातवात अशी एकेरी खोट निघाली. आणि नरडाण्याच्या भावाची नात अक्कांनी ती पाळण्यात असतानाच या नातवासाठी मागून ठेवलेली. पोरीचं रक्त तपासू या, असं त्यांनी भावाला, आबांना, विनवलं. आबा म्हणाले, "आमना रक्तमा खोट नही." विषय संपला.

मग अक्कांनीच सोयरीक मोडली. मला म्हणाल्या, "पोर मीच मांगेल व्हती, आते मीच नही म्हनस. दुहेरी रेघ मना घरमा आते नको."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणीला न्यायला भावाचं माणूस येतं, त्याला आमच्याकडे मूळ म्हणतात. त्या वर्षी अक्कांना मूळ आलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. मी विचारलं, तर "येई, काय घाई शे," म्हणून त्या पुन्हा कागदात शिरल्या.

तिसऱ्या वर्षी सुभाष एकटाच आला. अक्का झोपेतच गेल्या होत्या. माहेरचं शेवटचं लुगडं घेऊन आबा आले होते, म्हणाला. मी कागद काढला आणि गोलावर तिरकी रेघ मारली; गेलेल्या माणसाला तशी मारतात. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

गेल्या महिन्यात आबा नातीला घेऊन आले. तिला जळगावला दिलेली. मूल होण्याआधी तपासून घ्यायचं तिनंच ठरवलेलं. रिपोर्ट आला. तिच्यात खोट नव्हती.

"म्हंजे अक्काकडे दिधी असती तरी चालतं?"

"हो, आबा."

"तवयच रक्त देवू दिधं असतं ते..." ते टेबलावरच्या कागदाकडे वळले. म्हणाले, "अक्काना गोल कोनता?"

मी बोट ठेवलं. आबांची नजर चांगली होती. तरी त्यांनी कागद उचलून नाकाशी धरला.