पडद्यावरून घेतलेलं माप

साऱ्या वऱ्हाडात सिनेमा नीट पाहता येणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझा साडू होता. आम्ही बाकीचे तंबूत बसून शेंगा खायचो, शिट्ट्या मारायचो आणि घरी यायचो. साडू सिनेमा पाहायचा तो मी बाजारात बैल पाहतो तसा: दात, खूर, खांदा, चाल, आणि मालक काय लपवतोय तेही. साखरखेर्ड्याला त्याचं शिवणकामाचं दुकान होतं. गावाबाहेर टुरिंग टॉकीजचा तंबू पडला की त्या महिन्यात कोणालाही कपडे वेळेवर मिळत नसत. माझ्या लग्नाचा कोट त्याने मला वरात निघून गेल्यावर दिला. त्याचा राग अजून आहे. पण माझ्या तक्रारी सांगायला बसलो तर साडू राहून जाईल.

तंबूत तो घरचं गोणपाट घेऊन जाई. गाणं लागलं की पडद्याकडे पाठ करून बसे. "गान्यात कोनी काम करत नाही, आराम करते," असं त्याचं मत. हिरो बोलायला लागला की हा पडद्यावर हिरोच्या मागे उभ्या असलेल्या गड्याकडे बघत बसे. शेजारच्याने विचारलं तर म्हणे, "बोलनारा काय करते ते तो सांगूनच राह्यला ना! जो गप हाये त्याले पाहा." अशा माणसाशेजारी बसून सिनेमा पाहणं म्हणजे शिक्षा होती. मी टाळायचो.

महाराष्ट्र राज्य होऊन तीनचार वर्षं झाली असतील. एक सिनेमा आला. त्यात हिरोच्या थोरल्या भावाचं काम एका सुकलेल्या, मध्यमवयीन नटाने केलं होतं. अख्ख्या सिनेमात त्याला दहा वाक्यं नसतील. साडूने तो सिनेमा नऊ वेळा पाहिला. तो तंबूत चालू असतानाच कटिंगच्या दुकानात मुंबईचं एक जुनं मासिक आलं. त्यात बक्षिसं वाटल्याची बातमी होती. हिरोला मिळालं होतं. थोरल्या भावाचं यादीत नावही नव्हतं. त्या दिवशी साडू जेवला नाही. शाळेचे गुरुजी पायजमा न्यायला आले आणि बिचारे सापडले.

"अहो, काम केलं ते हिरोनंच," गुरुजी म्हणाले. "किती रडला तो!"

"रडनं काय मोठं, गुरुजी? तेल नसलं तर माही मशीनबी रडते."

"मग तुमच्या माणसानं काय केलं?"

"काहीच नाही केलं! तेच तर मोठं हाये!"

गुरुजी पायजमा न घेताच गेले. साडू माझ्याकडे वळला. "साडूभाऊ, आपुन देऊ बक्षीस. चांगला सदरा शिवतो अन् पाठवतो मुंबईले."

"आणि माप?"

"तुमी हाये ना! दोरी न लावता बैलाची छाती सांगता. आठव्या रिळात तो उघडा बसते. चला."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मलाही थोरला भाऊ आहे, बीबी गावाला. आईबाप लवकर गेले. त्यानेच मला वाढवलं. सतराव्या वर्षी मी त्याच्याशी भांडलो, वळकटी उचलली आणि अंगणातून बाहेर पडलो. तो कडबा तोडत होता. त्याने मान वर केली नाही. 'थांब' म्हणाला असता तर थांबलो असतो. पुढे सुलतानपूरला मी नुसत्या जिभेवर बैलांचा धंदा उभा केला, आणि अकरा वर्षं त्याच्या दारात पाऊल ठेवलं नाही. साडू दर दिवाळीला म्हणे, "जाऊन या." मी म्हणे, त्याने बोलवावं. सौद्यात पहिला भाव आपण सांगायचा नसतो.

तर आम्ही तंबूवर गेलो. फक्त आठवं रीळ पाहायचं होतं, म्हणून मी दारावरच्या माणसाशी भांडलो. "शेपटाचे पैसे देतो, अख्ख्या बैलाचे काऊन मागतोस बे?" तो ऐकेना. शेवटी पूर्ण तिकीट काढलं आणि चिडलेलाच आत बसलो.

पडद्यावर थोरला भाऊ ओसरीवर दोर वळत होता. धाकटा पेटी घेऊन घर सोडून निघाला. थोरल्याने मान वर केली नाही. साडूने कोपराने ढोसलं, "खांदा पाहा, खांदा!" मी मापासाठीच पाहत होतो, म्हणून दिसलं. धाकटा दाराबाहेर पडला तसा थोरल्याचा डावा खांदा बोटभर खाली आला. आणि हातातले अंबाडीचे धागे संपले होते, तरी तळवे फिरतच होते. दोर नव्हता, आणि तो वळत होता.

सकाळी दुकानात साडू खडू घेऊन बसला. मी सांगितलं, "छाती बेचाळीस, खांदा एकोणीस, बाही चोवीस, उंची तीस."

खडू थांबला. "बेचाळीस? तो मानूस तर काडीसारखा हाये. हे माप कोनाचं हाये, साडूभाऊ?"

माझं डोकं फिरलं. "घ्यायचं तर घ्या, नाही तर टेप घेऊन जा मुंबईले!"

मी सांगितलं तेच माप त्याने लिहून घेतलं, आणि जन्मात पहिल्यांदा सदरा दोन दिवसांत शिवून माझ्या हातात ठेवला. "ज्याचं माप हाये त्याले नेऊन द्या. नटाले मी पत्र टाकतो."

पत्र त्याने टाकलं. उत्तर कधीच आलं नाही. पण साडू वारेपर्यंत, पोस्टमन रस्त्याने दिसला की त्याची मशीन थांबत असे.

मी बीबीला गेलो. भाऊ अंगणात होता. "आला?" एवढंच म्हणाला. मी सदरा पुढे केला. त्याने तो तिथेच अंगात घातला, हात लांब करून पाहिला आणि म्हणाला, "बाही जराशी लांब हाये."

अकरा वर्षांनी हे! एरवी मी आल्या पावली फिरलो असतो. पण साडूने खोड लावली होती; मी त्याच्या हातांकडे पाहिलं. मारक्या बैलाला एका हाताने जुंपणारा माणूस, आणि त्याला गुंडी लागत नव्हती. काजापाशी बोटं जात होती, घसरत होती, पुन्हा जात होती. मान खालीच होती. मी मदत केली नाही. नुसता पाहत उभा राहिलो. मग तो म्हणाला, "जेवून जा."

दुसऱ्या दिवशी साडूला सगळं सांगितलं: एसटी कशी चुकली, वहिनी कशी रडली, पोरांनी मला कसं ओळखलं नाही. तो मशीन चालवतच होता. गुंडीपाशी आलो तेव्हा त्याचा पाय थांबला.

"कितवी?"

"वरून दुसरी."

त्याने चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले.

"हे म्या पाहाले पाहिजे होतं, साडूभाऊ," तो म्हणाला.