निळ्या फुलांची हमी

मंडळी, पंखे बंद करा, एक अत्यंत गंभीर बाब जाहीर करायची आहे: आमच्या हेडक्लार्कांनी उभ्या आयुष्यात झाडाचं नाव एकदाच चुकीचं सांगितलं.

मद्रासमधल्या अड्यारच्या त्या ऑफिसात मराठी कळणारे आम्ही दोघेच. ते तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातले, मी नागपूरहून बदलून आलेला. दुपारचा दहीभात संपला की बोट वर करून म्हणायचे, "राव, चला दर्शनाला!" दर्शन झाडांचं. बहावा कुठे लोंबतोय, कैलासपती कुठे उमललाय, सगळं पाठ. "फूल पाहून कोणीही नाव सांगेल. पान पाहून सांगा की!" मी हमखास चुकायचो. "अय्यो राव, लग्नात तुम्हाला बायको तरी कशी ओळखू आली?"

मग बेंगलोरहून नवे साहेब आले. आवारातलं तरणं झाड तोडून तिथे गाडीची शेड घालायची म्हणाले. हेडक्लार्क ताडकन उठले. "सर, हा नीलमोहोर आहे."

साहेब म्हणजे नीलमोहोराच्या सड्याने निळ्या होणाऱ्या बेंगलोरच्या रस्त्यांसाठी झुरणारा माणूस. विरघळला. शेड दुसरीकडे गेली. "पण निळा फुलला पाहिजे," साहेबांनी बजावलं, "नाहीतर तोडणार."

तीन उन्हाळे झाड फुललंच नाही. त्या दिवसांत हेडक्लार्क सगळ्यांच्या आधी ऑफिसात येत. हातात शेवग्याच्या शेंगा काढायची लांब आकडी. "पूजेला फुलं," म्हणायचे. दुपारी दर्शनाला मात्र येत नसत. डोकं दुखतं म्हणायचे.

चौथ्या वर्षी, पोंगल झाल्यावर, ते गेले. खुर्चीत बसल्या बसल्या.

उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी, ऑफिसातल्या सगळ्यांच्या मामी, पेन्शनच्या कागदांवर सही करायला आल्या आणि आवारातच थबकल्या. झाड फुललं होतं. पिवळंधमक. खालची जमीनसुद्धा पिवळी. साधा सोनमोहोर, मद्रासमध्ये गल्लोगल्ली दिसतो तो.

साहेब खाली उभे होते. चेहरा लाल.

मामी माझ्याशी मराठीत बोलल्या, अगदी हळू. "त्यांना ठाऊक होतं. कळ्या धरल्या की पहाटे येऊन तोडायचे. पिशवीतून घरी आणायचे. त्या दिवशी जेवायचे नाहीत."

साहेबांना यातलं अक्षर कळलं नाही. "काय म्हणतात त्या? हे झाड कोणतं?"

मामींनी पदर तोंडाला लावला. आणि मी, आयुष्यात एकही झाड धड न ओळखलेला मी, ओरडलो, "सर, पहिल्या वर्षी पिवळाच येतो! निळा पुढच्या वर्षी!"